बॅटरी नसली तरी

"सात सेकंद," रक्तपेढीतली ताई दारातूनच म्हणाली. "घड्याळ लावून मोजले मी. एका पिशवीची एक नोंद आणि सात सेकंद. काका, तुमचं मशीन म्हातारं झालंय की तुम्ही, ते एकदा ठरवा आणि आम्हाला कळवा."

"थांब जरा," काका म्हणाले.

ते सर्व्हरच्या उघड्या पेटीसमोर उकिडवे बसले होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक काळी वस्तू. तिच्या कडा फाकल्या होत्या आणि पोट वर आलं होतं.

"म्हणूनच सगळे तुम्हाला थांबाकाका म्हणतात," ताई म्हणाली. पण ती थांबली. एकोणीस वर्षं ती याच रुग्णालयात होती, आणि संगणकाच्या या खोलीत येऊन भांडायचा हक्क तिने केव्हाच कमावला होता. "काय आहे ते? मेलेलं झुरळ?"

"बॅटरी. मेली, ते मात्र खरं." काकांनी ती तिच्या तळहातावर ठेवली. "तू नोंद करतेस ना, ती लगेच डिस्कवर जात नाही. मध्ये हे कार्ड आहे. नोंद कार्डाच्या मेमरीत उतरली की कार्ड सांगतं, झालं. डिस्कवर ते सवडीने लिहितं. आता मेमरीचं कसं, वीज गेली की पाटी कोरी. पण या कार्डाला स्वतःची बॅटरी आहे. सगळी वीज गेली तरी तीन दिवस ते अक्षर न् अक्षर धरून ठेवतं. म्हणून त्याचं 'झालं' खरं मानायचं."

"आणि आता?"

"आता बॅटरी फुगली. ते कार्डाला कळलं. त्यामुळे ते मेमरीत काही ठेवतच नाही. आलेलं सगळं थेट डिस्कवर लिहितं, उमटल्याची खात्री करतं, मगच झालं म्हणतं. तुझी एक नोंद म्हणजे आत पन्नास ठिकाणी लिहिणं. म्हणून सात सेकंद."

"म्हणजे मशीन प्रामाणिक झालंय."

"प्रामाणिक आधीपासून होतं. आता गरीब झालंय."

ताई हसली. बॅटरी परत देताना म्हणाली, "गरिबाची तक्रार वर गेलीय हं. बाह्यरुग्णांची रांग फाटकाबाहेर आहे. अधीक्षक बाई तुम्हाला बोलावणार."

काकांनी पेटीचं झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले, मग चारही स्क्रू अंगठ्याने दाबून पाहिले. त्यांची ही खोड घरीदारी सगळ्यांना पाठ होती. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, नळ बंद केला की खाली हात धरून थेंब मोजायचे. रुग्णालयात बावीस वर्षांपूर्वी पहिला संगणक आला तेव्हा एका दुपारी वीज गेली होती आणि सकाळभर भरलेली माहिती पडद्यावर दिसून, सगळ्यांनी पाहून, कुठेच राहिली नव्हती. तेव्हापासून त्यांनी यंत्राच्या प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा ठरवला होता: झालं म्हणतोस, पण कुठे ठेवलंस? ऑपरेटिंग सिस्टीमचीही स्वतःची मेमरी असते. ती घेते, झालं म्हणते आणि मग कधीतरी खाली देते. काकांनी तिला ताकीदच दिली होती: नोंदी मधे ठेवायच्या नाहीत, आल्या तशा सरळ खाली द्यायच्या. खाली कार्ड होतं. कार्डाला बॅटरी होती. इतकी वर्षं या साखळीतली एकही कडी खोटं बोलली नव्हती.

अधीक्षक बाईंच्या खोलीत कंपनीचा इंजिनीअर आधीच येऊन बसला होता. गोरटेला, घाईचा, मांडीवर लॅपटॉप. कोपऱ्यातल्या टेबलाशी बाईंचा कारकून कागद लावत होता. आवक-जावक, बैठकांची इतिवृत्तं, सामानाच्या मागण्या, सगळं त्याच्याकडे. काहीही विचारलं की तो "होईल" म्हणायचा, म्हणून त्याचं नाव होईलराव पडलं होतं.

"बसा," बाई म्हणाल्या. "रांग पाहिलीत?"

"पाहिली. बॅटरीची मागणी सकाळीच दिलीय. ती आली की दहा मिनिटांचं काम."

"आणि तोवर?"

"तोवर थांबावं लागेल."

इंजिनीअर हसला. "काका, इतकं काही नाही. कार्डाला एक सेटिंग आहे. बॅटरी नसली तरी मेमरी वापर, असं त्याला सांगता येतं. आत्ता, इथून. लगेच पहिल्यासारखं चालेल."

"ते सेटिंग मला माहीत आहे," काका म्हणाले. "ते लावलं की कार्ड खोटं बोलायला लागतं."

"अहो, सर्व्हरला यूपीएस आहे, मागे जनरेटर आहे. वीज जाईलच कशी?"

"मग बॅटरी बनवणारे वेडे म्हणायचे."

बाईंनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या. सकाळपासून तीन माणसांनी त्यांच्या टेबलावर हात आपटला होता. "काका, आज एक म्हातारे गृहस्थ रांगेत चक्कर येऊन पडले. ते मी कुठल्या सेटिंगमध्ये बसवू? बॅटरी किती दिवसांत येईल?"

"आठ," इंजिनीअर म्हणाला.

"होईल," होईलराव म्हणाला.

"आठ दिवसांचा प्रश्न आहे. तुम्ही प्रणालीप्रमुख, सही तुमची लागते." बाईंनी फॉर्म पुढे सरकवला, आणि मग, अगदी सहज, "तुमच्या मुदतवाढीचा कागदही याच आठवड्यात वर पाठवतेय मी. दोन वर्षांची मागितलीय."

फॉर्मवर खाली छापलेलं होतं: धोका समजावून सांगण्यात आला आहे व तो मान्य आहे. काकांना निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली. मग सवयीने, शाई वाळली का ते बोट लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळं पाण्यासारखं चालायला लागलं. रांग फाटकाच्या आत आली. दुपारी ताईचा फोन आला, "काका, बटण दाबायच्या आधीच 'नोंद झाली' येतंय. काय पाजलंत त्याला?"

दर सोमवारी काका होईलरावाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहायचे.

"आली का हो बॅटरी?"

"येईल की."

"आठ दिवस म्हणाला होता तो."

"काका, माणसं नऊ महिन्यांनी येतात. बॅटरीचं काय घेऊन बसलात? होईल."

पाच सोमवार असेच गेले. सहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी सर्व्हरच्या खोलीतला ए.सी. साफ करायला एक माणूस आला. काका दोन मिनिटांसाठी औषधांच्या खिडकीवरचा प्रिंटर बघायला गेले होते. त्या माणसाला धूळ ओढायच्या यंत्रासाठी सॉकेट हवं होतं. सर्वांत जवळचं सॉकेट यूपीएसचं, लाल होतं आणि त्यावर 'फक्त सर्व्हर' लिहिलेलं होतं. पण अक्षरं काकांनी हाताने काढलेली, बावीस वर्षांत फिकी झालेली. यंत्र घुर्र झालं, यूपीएसने ते ओझं दोन क्षण पेललं आणि हात वर केले. बाहेर वीज होती, पंखे फिरत होते. अकरा वाजून अठरा मिनिटांनी रुग्णालयातले सगळे पडदे एकदम थिजले.

काका धावत आले तेव्हा खोलीच्या दारात पाचसहा जण जमले होते. त्यांनी धुळीचं यंत्र उपटलं, यूपीएस चालू केला, सर्व्हरचं बटण दाबलं. पडद्यावर पांढरी अक्षरं वर सरकू लागली आणि मध्येच थबकली.

'मेमरीतला न लिहिलेला मजकूर हरवला आहे. पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा.'

"काका, किती वेळ?" मागून औषधवाला म्हणाला.

"शस्त्रक्रियेच्या खोलीतून फोन येतोय, काका."

"बाई विचारतायत."

आयुष्यभर ज्यांनी सगळ्या जगाला थांबा म्हटलं, त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही. त्यांनी कळ दाबली. अकरा सत्तावीसला सगळं सुरू झालं आणि कोणीतरी टाळीही वाजवली. काका खुर्चीत बसून विभागांना एकेक फोन लावू लागले: "अकरा दहानंतर जे भरलंत ते पुन्हा तपासा. हो, दिसलं असेल, तरी तपासा." औषधं, प्रसूती, क्ष-किरण, अपघात. रक्तपेढीचा फोन व्यस्त होता. पाच मिनिटांनी पुन्हा लावू म्हणून त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. तेवढ्यात ए.सी.चं पाणी गळायला लागलं, ते बादली शोधायला उठले, आणि रक्तपेढी राहून गेली.

त्या सकाळी ताई वीस पिशव्यांची फेरतपासणी करत होती. तपासणीच्या रसायनाची एक बाटली सदोष असल्याचं कळलं होतं, म्हणून आधी ठीक ठरलेल्या पिशव्या पुन्हा तपासायच्या होत्या. एकोणीस ठीक निघाल्या. एकीत काविळीचा विषाणू होता. अकरा सतराला तिने त्या पिशवीसमोर 'बाद' टाकलं. पडद्यावर 'नोंद झाली' आलं. मग पडदा थिजला आणि त्याच वेळी अपघात विभागाचा फोन वाजला, मग एकामागून एक फोन येतच राहिले.

रक्तपेढीचा नियम असा की बाद पिशवीला कोणी आपल्या मनाने हात लावायचा नाही. पूर्वी घाईत भलतीच पिशवी हलवली गेली होती, म्हणून तो नियम आला होता. रोज बारा वाजता संगणक बाद पिशव्यांची यादी छापतो आणि यादीप्रमाणे मदतनीस त्या खालच्या लाल कप्प्यात नेतो. त्या दिवशी बाराची यादी छापली गेली. यादीत एकही पिशवी नव्हती. साडेतीनला ती पिशवी पाचव्या वॉर्डात गेली, मांडीचं हाड मोडलेल्या एका बस ड्रायव्हरला.

हे शोधलं ताईनेच. तपासणीचं यंत्र कागदाची पट्टी छापतं, आणि दर शनिवारी ती पट्ट्या संगणकाशी ताडून बघायची. पट्टीवर 'दोष', संगणकावर 'ठीक'. तिने तिसऱ्यांदा पाहिलं. मग उठून, कोणाला न विचारता, अधीक्षक बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं.

त्याच तासाला काकांनी सेटिंग परत फिरवलं. सात सेकंद परत आले. या वेळी कोणी तक्रार केली नाही. आणि सोमवारी कंपनीचा इंजिनीअर देखभालीसाठी म्हणून आला, कार्डाचं सॉफ्टवेअर नवं करून गेला. कार्डाच्या पोटात घटनांची एक यादी असते. तीही नव्याबरोबर कोरी झाली.

ताई संगणकाच्या खोलीत आली तेव्हा तिच्या हातात चौकशीची नोटीस होती.

"काका, ते म्हणतात मी पट्टी पाहिली पण नोंदच केली नाही. संगणकात माझ्या बोटांची खूणसुद्धा नाही म्हणतात."

"खूण त्याच मेमरीत होती गं. नोंदीबरोबर तीही गेली."

"मला पडद्यावर दिसलं होतं. 'नोंद झाली.' मी डोळ्यांनी पाहिलं." ती स्टुलावर बसली. "त्या ड्रायव्हरची बायको रोज आमच्या बाकावर येऊन बसते. भांडत नाही, काही नाही. सहा महिने तपासण्या होणार, तेव्हा कळणार त्याला काही झालंय की नाही. मला विचारते, ताई, तुम्ही विसरलात का? मी काय सांगू तिला, मशीन विसरलं?"

काकांनी तिला पडद्यावरच्या ओळीबद्दल सांगितलं. दाबलेल्या कळीबद्दल आणि व्यस्त फोनबद्दलही.

तिने नोटिशीची घडी केली. "हे तुम्ही तिथे सांगाल ना?"

"सांगेन."

"नाही, नीट विचारतेय मी. सांगाल?"

"सांगेन म्हटलं ना."

घरी काकांनी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली. फुटलेली प्रत्येक परीक्षानळी कोणी फोडली, हे तिला अजून आठवायचं.

"सही का केलीत?" तिने विचारलं.

"आठ दिवसांचा प्रश्न होता."

"आणि मुदतवाढ."

काकांनी ताटाकडे पाहिलं. "आणि मुदतवाढ."

"कुलूप तीनदा ओढणारा माणूस," ती म्हणाली, "आणि दार उघडं टाकून आलात." मग थोड्या वेळाने, त्यांचं पाण्याचं भांडं भरताना, "सांगून टाका. दोन वर्षं तिथे मान खाली घालून बसण्यापेक्षा इथे बसा. इथे निदान मी टोमणे मारेन."

चौकशी बाईंच्याच खोलीत झाली. टेबलामागे अधीक्षक बाई, शेजारी बाहेरून आलेले एक वयस्कर सदस्य, बाजूला कंपनीचा इंजिनीअर, कोपऱ्यात इतिवृत्त घ्यायला होईलराव. आधी ताईला आत घेतलं. दार नीट लागत नसल्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्या काकांना ऐकू येत होतं.

"मी 'बाद' टाकलं होतं, बाई."

"कुठे लिहिलंय?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच ते लिहिलेलं दिसायला हवं होतं.

ताई बाहेर आली आणि काकांकडे न बघता निघून गेली. काका आत गेले. ते बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. कार्ड म्हणजे काय, बॅटरी कशासाठी असते, ती नसली तरी मेमरी वापर म्हणणं म्हणजे काय. हे सेटिंग कोणी सुचवलं, कोणी मागितलं, कोणी सही केली. पडद्यावर आलेली ओळ त्यांनी शब्दन् शब्द सांगितली.

"तिने नोंद केली होती," ते म्हणाले. "ती अकरा अठराला मेमरीतून गेली. ओळ मी वाचली होती, तरी कळ दाबली. सगळ्यांना फोन केले, रक्तपेढीला लागला नाही, परत लावला नाही. चूक यंत्राची म्हणा, माझी म्हणा. तिची नाही."

इंजिनीअर म्हणाला, "कार्डाच्या यादीत अशी घटनाच नाही, सर."

"यादी तुम्हीच कोरी केलीत."

"ते नेहमीचं काम आहे, काका. मनावर घेऊ नका."

बाई जरा पुढे झुकल्या. "काका, त्या फॉर्मवर सही तुमची आहे. तो फॉर्म तुम्हाला नक्की बाहेर काढायचाय?"

"हो."

वयस्कर सदस्यांनी दोनदा मान हलवली. ती पटल्याची होती की वयाची, ते कळत नव्हतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली. झालं?"

काकांनी कोपऱ्यात पाहिलं. होईलरावाचा चष्मा कपाळावर होता आणि पेनाला टोपण लावलेलं होतं. त्याने आपल्या डोक्याला बोट लावून दाखवलं: सगळं इथे आहे, संध्याकाळी उतरवतो. काकांना हायसं वाटलं होतं, छातीवरचा दगड उतरल्यासारखं. त्या भरात त्यांनी मान डोलावली आणि ते बाहेर पडले. दार मात्र नीट लागेना, ते त्यांनी तीनदा ओढलं.

अकराव्या दिवशी अहवाल आला. चार पानं, तीन सह्या. ताईच्या कामातल्या निष्काळजीपणामुळे सदर घटना घडली. तिला तपासणीच्या कामावरून कायमचं दूर करून जुन्या कागदपत्रांच्या भांडारात पाठवावं. प्रणालीत दोष आढळला नाही. काकांनी चारही पानं पुढून मागून वाचली. त्यांचा उल्लेख तिसऱ्या पानावर, तळाशी होता: 'प्रणालीप्रमुखांनी आवश्यक ती तांत्रिक माहिती दिली.'

अहवालाबरोबर आणखी एक लिफाफा होता. मुदतवाढ मंजूर, दोन वर्षं.

ते जिने उतरून रक्तपेढीत गेले. ताई आपलं कपाट रिकामं करत होती. पांढरा कोट घडी करून ठेवला होता, त्यावर एक मोजपट्टी, एक कात्री आणि पाण्याची बाटली.

"मी सगळं सांगितलं होतं," काका म्हणाले. "फॉर्म, ती ओळ, कळ, तुझा फोन. सगळं."

ताईने कपाटाचा वरचा कप्पा फडक्याने पुसला. मग खालचा.

"अगं, उभा राहून सांगितलं. बाई होत्या, ते बाहेरचे होते. विचार त्यांना."

"कुठे लिहिलंय?" ताई म्हणाली.

बाकावर ड्रायव्हरची बायको फाईल मांडीवर घेऊन बसली होती. ती दोघांकडे बघत होती.

"मुदतवाढीचं कळलं," ताई म्हणाली. "चांगलं झालं. वहिनींना सांगा." तिने किल्ली कपाटाला तशीच ठेवली, कोट उचलला आणि त्यांच्या बाजूने, अंगाला अंग लागणार नाही अशी, निघून गेली.

काका वर आपल्या खोलीत आले. त्यांनी संगणक उघडला नाही. खणातून कोरे कागद काढले आणि पेनाने लिहायला बसले. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं. दीड पान झालं. शेवटी लिहिलं की वरील कारणास्तव मुदतवाढ नको. मग त्याच मजकुराची दुसरी प्रत हातानेच काढली.

आवक खिडकीवर होईलराव डबा उघडायच्या बेतात होता.

"हे आवक करून घ्या," काका म्हणाले. "आणि या प्रतीवर शिक्का मारून मला पोच द्या."

होईलरावाने वरच्या चार ओळी वाचल्या. त्याचा चेहरा जरा उतरला. "काका, हे कशाला आता? संपलं ते सगळं. मी काय मुद्दाम गाळलं का? मी उतरवलं होतं हो संध्याकाळी, आठवेल तेवढं. बाईंनी वाचलं, म्हणाल्या तांत्रिक भाग लांबतोय, एका ओळीत घ्या. आपण सांगकामे."

"म्हणून तर शिक्का मागतोय."

"ठेवून जा. जेवून मारतो."

"थांबतो मी."

"अहो, माझ्यावर विश्वास नाही?"

"थांबतो," काका म्हणाले, आणि बाजूच्या दाराने आत येऊन बसायला जागा बघू लागले. खोलीत फायलींचे गठ्ठे होते, जुने टाइपरायटर, पंख्याचं एक पातं. स्टूल टेबलाखाली होतं आणि त्यावर पुठ्ठ्याचं एक छोटं खोकं. ते बाजूला करायला त्यांनी उचललं आणि त्यांचा हात तसाच राहिला. खोक्यावर कार्डाच्या कंपनीचं नाव होतं. खाली, कुरिअरच्या चिठ्ठीवर, पोहोचल्याची तारीख.

सहीनंतरचा नववा दिवस.

"हे कधी आलं?" त्यांनी विचारलं, उत्तर हातात असूनही.

होईलराव घास घेता घेता वळला. "ते होय? बरेच दिवस पडलंय. रजिस्टरला चढवायचं राहिलं, आणि चढवल्याशिवाय पुढे देता येत नाही ना. तुमचं आहे का ते?" त्याने खोक्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि घास गिळायला त्याला थोडा वेळ लागला. "मी करणारच होतो," तो म्हणाला.

काका स्टुलावर बसले. खोकं मांडीवर घेतलं, त्यावर आपले कागद, कागदांवर दोन्ही हात. बाहेर कोणीतरी खिडकीची काच ठोठावली, आणि होईलरावाने हात लांब करून पडदा ओढून घेतला.

शिक्का टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, शाईच्या डबीवर उपडा पडलेला होता. काका त्याच्याकडे बघत बसून राहिले.